आधी पन्नास मीटरचं बोला

जानेवारी २०२४मध्ये दक्षिण कोरियातल्या गांगवोन प्रांतात हिवाळी युवा ऑलिंपिक झालं. त्यात मोनोबॉब नावाची शर्यत होती, म्हणजे बॉबस्ले, बर्फाच्या वळणदार पन्हाळीतून घसरत जाणारी स्लेजगाडी, एकट्यानेच ढकलायची, एकट्यानेच हाकायची आणि एकट्यानेच थांबवायची. मुलांमध्ये यजमान कोरियाला सुवर्ण मिळालं यात नवल नव्हतं. दुसरा आला तो ट्युनिशियाचा जोनाथन लुरिमी. सहाराच्या काठावरच्या देशाला हिवाळी खेळांत ऑलिंपिक पातळीवर मिळालेलं ते पहिलंच पदक. मुलींमध्ये सुवर्ण डेन्मार्कला आणि रौप्य थायलंडला गेलं. तेव्हापासून आपल्याकडे खानदेशात हा विषय निघाला की दोनच सूर लागतात. एका गटाचं म्हणणं, ट्युनिशियाला जमतं तर आपल्या पोरांना का नाही, जिद्द पाहिजे, सरकारने तोरणमाळला हिवाळी क्रीडा अकादमी काढावी. दुसऱ्या गटाचं उत्तर एका अहिराणी वाक्यात संपतं: ‘बर्फनं आपले काय करनं शे?’ मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, उन्हाळ्यात गावोगाव टँकरची वाट बघावी लागते, आणि म्हणे बॉबस्ले.

दोन्ही गट तावातावाने भांडतात, पण दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे आणि नेमकी तीच चूक आहे. दोघांनाही वाटतं की बॉबस्ले हा बर्फाचा खेळ आहे. बॉबस्लेची सुरुवात हा धावण्याचा आणि ढकलण्याचा खेळ आहे, आणि सुरुवातीचे पन्नास मीटर बिघडले तर पुढचा बर्फ कुणालाही वाचवत नाही. तो भाग खानदेशात शोधता येतो, मोजता येतो, तयारही करता येतो. उरलेला भाग, म्हणजे वळणांमधून स्लेज हाकणं, इथे शिकवता येणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. त्यासाठी मूल जिथे ट्रॅक आहे तिथे पाठवावं लागेल. म्हणून माझं म्हणणं असं: खानदेशच्या मुलांनी, त्यातही आधी मुलींनी, युवा मोनोबॉबमध्ये उतरावं, आणि त्यासाठी इथे बर्फाचा एक तुकडाही मागू नये.

शर्यत नेमकी कशी होते ते आधी पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती नीट पाहिलेली असते. हिरवा दिवा लागला की ६० सेकंदांच्या आत सुटावं लागतं. पायांखाली टेकू देणारा ठोकळा, हातात स्लेजचे दांडे. बुटांच्या तळाला जाड खिळे नसतात, सुईसारख्या शेकडो बारीक टोकांचा ब्रश असतो, त्याशिवाय बर्फावर पाऊल धरणार नाही. स्लेज दीडशे किलोहून जड, म्हणजे ढकलणाऱ्या मुलीच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. पहिले सुमारे १५ मीटर घड्याळ चालूच नसतं. तिथे थांबलेलं वजन हलवायचं एवढंच काम. तिथून पुढच्या ५० मीटरला लागलेला वेळ म्हणजे स्टार्ट टाइम. या पट्ट्यात बर्फात खाचा पाडलेल्या असतात, स्लेजखालचे पोलादी रनर, म्हणजे घसरपट्ट्या, त्यांतून सरळ जातात, त्यामुळे दिशेची काळजी नसते, फक्त वेग. पुढे उतार वाढतो आणि धावता धावता आत उडी घ्यावी लागते. ही उडी म्हणजे खरी गोम आहे. लवकर बसलात तर पायांत उरलेला वेग वाया गेला. उशीर केलात तर स्लेज तुमच्यापेक्षा जोरात पळायला लागते, दांडा हातातून ओढला जातो, नडगी मागच्या कडेवर आपटते. आत पडल्यावर धडपडत बसलात तर त्या हिसक्याने स्लेज डावी-उजवीकडे मारते आणि रनर बर्फ खरवडतात. मग हातात दोन दोऱ्या येतात. त्या पुढच्या रनरना जोडलेल्या असतात. गांगवोनच्या शर्यतीचा अल्पेन्सिया ट्रॅक १,३७६ मीटर लांब, १६ वळणांचा. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग जातो आणि सगळा खेळ मिनिटाच्या आत उरकतो. ब्रेक लावायचा तो अंतिम रेषा ओलांडल्यावरच, कारण आधी लावला तर त्याचे दात बर्फ उकरतात आणि मागून येणाऱ्या सगळ्यांचा ट्रॅक खराब होतो.

या खेळातल्या लोकांचा एक जुना ठोकताळा आहे: वर गमावलेला दशांश सेकंद खाली पोचेपर्यंत तीन दशांश होतो. आणि निकाल शतांशात लागतात. १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये दोघांच्या बॉबस्लेत चार फेऱ्यांनंतर कॅनडा आणि इटली शतांशापर्यंत बरोबरीत आले आणि दोघांनाही सुवर्ण द्यावं लागलं. २०१८मध्ये कॅनडा आणि जर्मनीच्या बाबतीत पुन्हा तेच झालं. चार फेऱ्या, आणि फरक शून्य. अशा खेळात धावणाऱ्या पायांची किंमत किती असेल?

ती किंमत पूर्वी नव्हती, हेही सांगायला हवं. बॉबस्ले जन्माला आली स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, हिवाळी सुट्टीला आलेल्या पैसेवाल्या पाहुण्यांच्या हौसेतून. १९२४च्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ती होती, पण कितीतरी वर्षं ती चैनीच्या लोकांचीच राहिली. १९५२च्या ऑस्लो ऑलिंपिकमध्ये जर्मनांनी हिशेब केला की उतारावर वजन जितकं जास्त तितकं बरं, आणि आपल्या दोन संघांतले सगळ्यात धिप्पाड गडी निवडून एका स्लेजमध्ये बसवले. माणशी सरासरी ११५ किलोच्या वर. सुवर्ण त्यांनाच मिळालं. त्यानंतर स्लेज आणि माणसं मिळून एकूण वजनावर मर्यादा आली, आणि मग प्रश्न बदलला: वजन सगळ्यांचं सारखं, तर जिंकणार कोण? जो ते वजन लवकर पळवेल तो. त्या एका नियमाने खेळाचा दरवाजा धावपटूंकडे वळला. अमेरिकेची लॉरिन विल्यम्स २००४च्या अथेन्समध्ये १०० मीटरची रौप्यविजेती. तिने २०१३मध्ये बॉबस्ले हातात घेतली आणि २०१४च्या सोचीत रौप्य मिळवलं. जर्मनीची अलेक्झांड्रा बुर्घार्ट २०२१च्या टोकियोत धावली आणि सहा महिन्यांनी बीजिंगच्या बर्फावर रौप्य घेऊन उतरली. या दोघी स्लेज हाकत नव्हत्या, मागून ढकलत होत्या, हे लक्षात ठेवा; त्याकडे पुन्हा यायचंच आहे.

त्याच १९५२ साली उन्हाळ्यात हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं. चार वर्षांपूर्वी लंडनला ते सहावे आले होते, आणि मॅटवर लढण्याची त्यांना सवयच नव्हती. सगळी तालीम तांबड्या मातीतली. मातीतल्या मल्लाचं मॅटवर काय काम, असं तेव्हाही म्हणता आलं असतं. त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी तर घर गहाण ठेवलं. कोल्हापुरात मॅटचा आखाडा बांधून मग कुस्तीगीर घडवू, असं कुणी म्हटलं नाही. ताकद मातीत तयार झाली होती, मॅटची सवय मॅटवर झाली. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर अविनाश साबळे बघा: बीडच्या दुष्काळी आष्टी तालुक्यातला मुलगा, आणि त्याची शर्यत कोणती, तर तीन हजार मीटर स्टीपलचेस, जिच्यात दर फेरीला पाण्याच्या खड्ड्यात उडी मारावी लागते. त्यात त्याने २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य घेतलं. पाणी गावात नव्हतं. पाय होते.

आता विरोधकांचा सगळ्यात जोरकस मुद्दा, जो ते स्वतः नीट मांडत नाहीत, म्हणून मीच मांडतो. युवा स्पर्धेत बॉबस्लेचा फक्त मोनोबॉब प्रकार आहे. तिथे मागून ढकलून नुसतं मान खाली घालून बसायची सोय नाही. विल्यम्स आणि बुर्घार्ट यांचा रस्ता इथे बंद आहे; जो ढकलतो त्यालाच हाकायचं आहे. आणि हाकणं बर्फाशिवाय येत नाही. वळणात स्लेज कधी चढू द्यायची आणि कधी खाली ओढायची हे बोटभर दोरीचं काम असतं. वेळेआधी ओढलं तर वळणातून बाहेर पडताना स्लेज समोरच्या भिंतीवर जाते, मग सावरायला उलट ओढावं लागतं, आणि दर ओढीला रनर आडवे घासून वेग खातात. उशिरा ओढलं तर स्लेज छतापर्यंत चढते आणि उलटते. हे पुस्तकात वाचून, व्हिडिओ बघून किंवा चाकांच्या गाडीवर शिकता येत नाही. भारतात बॉबस्लेचा एकही कृत्रिम ट्रॅक नाही. मग पन्नास मीटरचं कौतुक कशाला?

मुद्दा खरा आहे, आणि त्याचं उत्तर जिद्दीच्या भाषणात नाही. उत्तर आहे शर्यतीच्या रचनेत. युवा मोनोबॉबमध्ये सगळ्यांना सारख्याच स्लेज मिळतात, त्या आयोजकांकडूनच येतात. रनरना कसला लेप लावता येत नाही, आणि ते गरम करून आणलेत का हे फेरीआधी तापमापकाने तपासतात. बाहेर हवेत ठेवलेल्या नमुन्यापेक्षा चार अंशांहून जास्त गरम असाल तर बाद. (१९९४ साली अमेरिकेची एक स्लेज याच कारणाने बाद झाली होती, त्यामुळे हा नियम कागदावरचा समजू नका.) म्हणजे मोठ्यांच्या बॉबस्लेत जे पैशाने विकत मिळतं, ते इथे मिळत नाही. मोठ्यांमध्ये अमेरिकेसाठी बीएमडब्ल्यूने स्लेज बनवली, जर्मनीसाठी बर्लिनची एक अख्खी संशोधन संस्था राबते. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांमध्ये मात्र एका बाजूला पाय, दुसऱ्या बाजूला बर्फावर घालवलेले दिवस, एवढीच शिल्लक उरते. आणि या वयात बर्फावरच्या दिवसांतला फरक भरून निघण्याएवढा असतो, कारण जर्मन मूलही अजून शिकतंच असतं. पंचविशीतल्या पायलटशी, म्हणजे स्लेज हाकणाऱ्याशी, हा फरक भरून निघणार नाही. डेन्मार्ककडे ट्रॅक नाही, आणि डोंगर म्हणाल तर त्या देशाचा सगळ्यात उंच भाग १७०-१७१ मीटरचा. आपलं तोरणमाळ त्याच्या सहापटीहून उंच आहे. ट्युनिशिया आणि थायलंडची मुलं तयार झाली ती प्योंगचांग २०१८च्या ऑलिंपिक वारसा प्रतिष्ठानाने बर्फ नसलेल्या देशांसाठी चालवलेल्या शिबिरांतून, त्याच ट्रॅकवर ज्यावर पुढे शर्यत झाली. त्यांना कुणी घरी बर्फ करून दिला नव्हता. ट्रॅकवर नेलं होतं, तेही हंगामामागून हंगाम.

इथे उत्साही गटालाही थोडं थांबवायला हवं. ते जमैकाचं नाव घेतात. जमैकाचा संघ १९८८मध्ये कॅलगरीला चौघांच्या शर्यतीत उलटला आणि स्लेजच्या बाजूने चालत खाली आला, एवढंच त्यांना ठाऊक असतं, आणि त्यातच ते भारावतात. त्याहून महत्त्वाचं पुढे घडलं: १९९४च्या लिलेहामरला जमैकाचा चौघांचा संघ १४वा आला, अमेरिकेच्याही पुढे. मधल्या सहा वर्षांत त्यांनी काय केलं हे कुणी विचारत नाही, कारण त्यात भारावण्यासारखं काही नाही. बर्फावर फेऱ्या आणि पुन्हा फेऱ्या. आपल्याकडेही शिवा केशवन आहेच. मनालीजवळच्या वशिष्ठचा हा मुलगा १९९८मध्ये सोळाव्या वर्षी ल्यूजमध्ये, म्हणजे उघड्या स्लेजवर उताणं झोपून घसरण्याच्या शर्यतीत, ऑलिंपिकला गेला आणि २०१८पर्यंत सहा ऑलिंपिक खेळला, उन्हाळ्यात हिमालयातल्या रस्त्यांवर चाकांची स्लेज पळवून सराव करत. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण एकट्या माणसाने वीस वर्षं ओढलेली गाडी ही व्यवस्था नसते. तो थांबला आणि त्याच्या मागे रांग नव्हती.

दुसरा आक्षेप जिवाचा. हाही थट्टेवारी नेण्यासारखा नाही. १२ फेब्रुवारी २०१० रोजी व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच जॉर्जियाचा २१ वर्षांचा नोदार कुमारिताश्विली ल्यूजच्या सरावात ट्रॅकबाहेर फेकला गेला आणि पोलादी खांबावर आदळून दगावला. बॉबस्लेत माणूस निदान कवचाच्या आत असतो, पण उलटल्यावर खांदा बर्फावर घासून भाजतो, आणि वर्षानुवर्षं मेंदूला बसणाऱ्या बारीक हादऱ्यांबद्दल खेळाडू आता उघड बोलायला लागले आहेत. आई-बापाने हे ऐकून ‘नको’ म्हटलं तर ते मागासलेले ठरत नाहीत. माझं म्हणणं एवढंच की धोका मोजून घेण्याची पद्धत जिथे आहे तिथे धोका घ्यावा. ट्रॅकवर नवशिक्याला वरून सोडत नाहीत. खालच्या वळणांपासून सुरुवात होते, ते जमलं की एक टप्पा वर. दिवसाला दोन-तीन फेऱ्या, त्याहून जास्त नाहीत, कारण थकलेली मान वळणात डोकं धरू शकत नाही. उलटलं तर हात-पाय आत, मान आखडून, स्लेज पूर्ण थांबेपर्यंत बाहेर यायचं नाही, हे पहिल्या दिवशी पाठ करून घेतात. डोक्याला मार लागला की त्या दिवसापुरता खेळ बंद आणि डॉक्टरने सोडल्याशिवाय परत नाही. हे लिहून घेतल्याशिवाय एकाही मुलाला पाठवू नये. आणि धोक्याच्या नावाने कानावर हात ठेवणाऱ्यांना एक विचारतो. आखाजीला, खंडेरावाच्या यात्रेला आपण बारागाड्या ओढतो. एकाला एक जोडलेल्या गाड्या, त्यांवर खच्चून बसलेली माणसं, पुढे भगत, त्याला धरलेले बगले, दोन्ही बाजूंनी रेटारेटी. चाकाखाली येऊन माणसं जायबंदी झाल्याच्या, दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तिथे हेल्मेट कुणाला? ब्रेक कुणाच्या हातात? श्रद्धेचा प्रश्न वेगळा, तो मी उकरत नाही. पण धोका आपल्याला चालतच नाही असं मात्र कुणी म्हणू नये.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सगळ्यात प्रामाणिक आहे. तालुक्याच्या मैदानावर धावपट्टी नाही, पोरं फाटक्या बुटांत पळतात, शाळेला क्रीडाशिक्षक नाही. मग हे लाड कशाचे? तोरणमाळला बर्फ करायच्या मागणीला हा आक्षेप पूर्णपणे लागू पडतो आणि मी त्या बाजूलाच उभा आहे. कृत्रिम ट्रॅक म्हणजे काँक्रीटच्या सव्वा-दीड किलोमीटर पन्हाळीत पुरलेल्या नळ्यांचं जाळं आणि त्यांना थंड ठेवणारं अमोनियाचं यंत्र, आपल्या बर्फाच्या कारखान्यात असतं तेच, फक्त अगडबंब. श्रीमंत देशांनाही ते झेपलेलं नाही. २००६च्या तुरिन ऑलिंपिकसाठी चेझानाला बांधलेला ट्रॅक पाच-सहा वर्षांत बंद पडला. सारायेव्होचा १९८४चा ट्रॅक युद्धानंतर जंगलात पडून आहे, भिंतींवर चित्रं काढायला कामी येतो. जपानने नागानोच्या ट्रॅकवर बर्फ करणं २०१८मध्ये थांबवलं. आणि १९६०मध्ये अमेरिकेतल्या स्क्वॉ व्हॅलीच्या आयोजकांनी तर, एवढ्या थोड्या देशांसाठी ट्रॅक बांधणं परवडत नाही म्हणून बॉबस्लेच रद्द केली; हिवाळी ऑलिंपिकच्या इतिहासात हा खेळ वगळला गेल्याचं ते एकमेव उदाहरण. कॅलिफोर्नियाला जे परवडलं नाही ते नंदुरबारने मागावं?

पण पैशाचा आक्षेप पन्नास मीटरला लागू पडत नाही, आणि इथेच मला खानदेशचं नाव घ्यावंसं वाटतं. बॉबस्लेच्या सुरुवातीचा सराव जगभर रुळांवर होतो: साठेक मीटरचे दोन रूळ, त्यांवर चाकांची गाडी, ढकला, पळा, उडी मारा. भुसावळ विभागात रेल्वेची पुश ट्रॉली कुणी पाहिली नसेल? इंजिनिअर साहेब बाकावर बसलेले, मागून ट्रॉलीमन रुळावरून तोल सांभाळत पळत ती रेटतात आणि वेग आला की टुणकन मागे चढून बसतात. मोनोबॉबची सुरुवात हुबेहूब हीच आहे, फरक वजनाचा आणि घाईचा. एवढंच काय, पाचोरा-जामनेरच्या जुन्या नॅरोगेज रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर आणि बॉबस्लेच्या रनरमधलं ६७० मिलिमीटर. हाताच्या पंजाएवढा फरक. रूळ बसवणारे, चौकट जोडणारे, बेअरिंग भरणारे हात ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत तिथे असा सराव-रूळ करायला परदेशी तज्ज्ञ लागत नाही.

तो कसा असावा हेही सांगतो, कारण अर्धवट केला तर मुलं जायबंदी होतील. पहिले पंधरा मीटर जवळजवळ सपाट, मग हळूहळू उतार, आणि शेवटी किमान पंधरा-वीस मीटरचा चढ, त्याच्याही पुढे वाळू आणि जुने टायर. गाडी ब्रेकच्या भरवशावर थांबवायची नाही. रुळांचे सांधे वेल्डिंग करून घासून सपाट करा. सांध्यात फट राहिली तर प्रत्येक पावलाला हिसका बसतो आणि मूल नकळत पाऊल आखडतं; ती सवय मग बर्फावरही जात नाही. गाडीचं वजन सुरुवातीला ऐंशी किलो, आणि लोखंडी प्लेटा टाकत दोन-तीन महिन्यांत दीडशेपर्यंत. थेट दीडशेला नेलं की मुलं पाठीने ढकलायला लागतात आणि कंबर धरते. मागच्या कडेला जाड रबर हवं, नाहीतर नडग्या फुटतील. बेअरिंग स्वस्तातलं घेतलं तर चाकं ओढ देतात, गाडी वेग पकडत नाही, आणि उडी कधी मारायची हे मुलाला कळतच नाही. सराव सकाळी सात-साडेसातच्या आत उरका. एप्रिल-मेमध्ये नऊ वाजता त्या दांड्याला हात लावून बघा म्हणजे कळेल का ते.

निवडीबद्दल आपली सवय मोडावी लागेल. जिल्हा स्पर्धेत पहिली आली म्हणून घेतली, असं चालणार नाही. तीन चाचण्या पुरतात: उभ्याने सुटून ३० मीटर धाव, उभ्याने लांब उडी, आणि गोळा दोन्ही हातांनी खालून वर फेकणं. तिसरी चाचणी लोक सोडून देतात, पण थांबलेलं वजन झटक्यात हलवण्याची ताकद हीच सांगते. धाव मोजायला स्टॉपवॉच अजिबात नको. अंगठ्याने दाबलेल्या घड्याळात दोन-दोन दशांश इकडचे तिकडे होतात, आणि आपण तर एका दशांशावर निवड करायला निघालोय. प्रकाशझोत तुटला की नोंद घेणारी यंत्रं घ्या. शाळेच्या एका संगणकाच्या खर्चाच्या आसपास काम होतं. पंधरा मीटरची आणि तीस मीटरची वेळ वेगवेगळी नोंदवा. पहिल्या पंधरात मागे पण पुढच्या पंधरात तुफान पळणारं मूल ताकदीच्या सरावाने सुधारतं. उलट असेल तर सुधारणं फार अवघड. सातपुड्याच्या पाड्यांवरची मुलं लांब पल्ल्याला चांगली म्हणून सगळ्यांना माहीत आहेत, पण इथे लांब पल्ल्याचा उपयोग नाही. इथे कबड्डीतली चढाई करणारी मुलगी जास्त कामाची: मांड्या भरलेल्या, पहिल्या तीन पावलांत अंतर तोडणारी.

आणि मुलीच आधी का, तेही उघड आहे. अठरा वर्षांनंतर मुलांसाठी मोनोबॉबचं ऑलिंपिक दार बंद होतं. मोठ्यांमध्ये दोघांची आणि चौघांची बॉबस्ले, म्हणजे पुन्हा महागड्या स्लेजची शर्यत. महिलांचा मोनोबॉब मात्र २०२२च्या बीजिंगपासून मोठ्यांच्या ऑलिंपिकमध्ये आहे, आणि तिथेही स्लेज एकाच बनावटीच्या. म्हणजे पंधराव्या वर्षी शिकलेली मुलगी पंचविशीतही त्याच शर्यतीत राहू शकते. नायजेरियाची सिमिडेले अडेआग्बो २०२२मध्ये तिथे उतरली होती. ती मुळात ॲथलेटिक्सची.

थंडीचा बाऊ मात्र पुरे झाला. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकडी होतो, अक्कलकुव्याकडच्या डाबच्या परिसरात दव गोठतं, हे आपणच वर्तमानपत्रात वाचतो. उणे दहामध्ये खरी भीती असते ती थंड स्नायूंवर झटका देण्याची, कारण मांडीची मागची शीर तिथेच जाते. अर्धा-पाऊण तास नीट अंग गरम करणं आणि सुटायच्या क्षणापर्यंत जॅकेट न काढणं, हा त्यावरचा उपाय आहे आणि तो शिकवता येतो.

मोहीम बुडते ती कागदांपायी. जन्मदाखला आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख जुळत नाही, वडील ऊसतोडीला गेलेले असतात म्हणून अल्पवयीन मुलीच्या पासपोर्टवर दोघांच्या सह्या होत नाहीत, युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागतं आणि तारीख मिळते ती शिबिर सुरू झाल्यावरची. जन्मतारखेत खाडाखोड करून वय लपवण्याची आपली जुनी खोड इथे तर थेट बंदीपर्यंत नेईल. म्हणून चाचणीच्या दिवशीच मैदानावर एका टेबलाशी कागद तपासणारा माणूस बसवा, आणि निवड जाहीर करायच्या आधी पासपोर्टचा अर्ज भरा. पैसे मागायचे असतील तर ते तीन गोष्टींसाठी मागा: रूळ, मोजणारी यंत्रं, आणि दर हिवाळ्यात चार-पाच मुलींना किमान दोन महिने ट्रॅकच्या गावी ठेवण्याचा खर्च, सलग तीन वर्षं. एक वर्षाचे पैसे मिळत असतील तर घेऊच नयेत. एका हंगामात मूल फक्त उलटायला शिकतं. ज्यांची निवड होणार नाही अशा शेकडो मुलामुलींच्या ३० मीटरच्या अचूक नोंदी मात्र हाती राहतील. आज खानदेशातल्या एकाही तालुक्याच्या प्रशिक्षकाकडे तशी यादी नसेल, आणि ॲथलेटिक्स, कबड्डी, खो-खोवाल्यांना ती त्याच आठवड्यात देता येईल.